सिद्धू काळेलचा पुकारा

बसा मित्रांनो, बसा. कुरकुरतो म्हणून घाबरू नका, माझी ती सवयच आहे. सांगलीच्या या कॉलेजात मी आलो त्याला फार दिवस झाले नाहीत. त्याआधी माझा सगळा जन्म मामलेदार कचेरीच्या ओसरीवर गेला. साताऱ्याच्या पूर्वेला, म्हसवडच्या बाजूच्या दुष्काळी पट्ट्यातला तो तालुका. नाव सांगत नाही. मी साधा सागवानी बाक. कुणाची बदनामी करायला कशाला जाऊ?

तुमचे सर मघाशी फळ्यावर लिहीत होते, 'लोकप्रशासन म्हणजे काय?' तुम्ही ते वहीत उतरवून घेतलंत. घ्या, परीक्षेत पडेल ते. पण त्यातलं थोडंसं माझ्या पाठीवर घडलेलं आहे. तेवढं ऐका आणि मग घरी जा.

मला साताऱ्याच्या एका सुतारानं घडवलं. धोंडीबा त्याचं नाव. इंग्रजांचा अंमल तेव्हा संपत आला होता. धोंडीबा हाताचा पक्का आणि तोंडाचा तिखट. मला बैलगाडीत चढवताना तो म्हणाला होता, "जा गड्या, तुझ्यावर बसून लोकं म्हातारी हुतील." मला वाटलं, थट्टा करतोय. कसली थट्टा! कचेरीच्या ओसरीवर तेच पाहत माझी वर्षं गेली.

बाकाला डोळे नसतात, असं तुम्ही म्हणाल. खरंय. बाकाला वजन कळतं. माणूस बसला की तो कोण, कशाला आलाय आणि किती वेळ थांबायची त्याची तयारी आहे, हे मला त्याच्या बसण्यावरून कळायचं. वकिलाचा कारकून अर्ध्या बुडावर बसायचा. पेन्शनीसाठी आलेला लष्करातला माणूस ताठ बसायचा. ज्याला उत्तर मिळणार नाही हे ठाऊक आहे, तो पाठ टेकून बसायचा. एकदा पुण्याहून मोठे साहेब तपासणीला आले. माझ्यावर हात मारून म्हणाले, "बाक मजबूत आहे." तेवढीच माझी कौतुकाची शिदोरी. मी ती पुष्कळ वर्षं पुरवून खाल्ली.

बासष्ट साली पंचायत समिती आली. विहिरी, रस्ते, शाळा, कोंबड्या हे सगळं पलीकडच्या नव्या इमारतीत गेलं. आमच्या कचेरीत उरली जमीन आणि जमिनीची भांडणं. त्याच साली हरणाबाई पहिल्यांदा माझ्यावर बसल्या. माझ्या जन्मातलं हे एकच प्रकरण असं आहे की जे अजून माझ्यावरून उठलेलं नाही.

हरणाबाई धनगराच्या. त्यांचा नवरा सिद्धू बिरा काळेल मेंढरं घेऊन पावसाळा संपताना पश्चिमेला उतरायचा, पाटणच्या पलीकडं, कोयनेच्या खोऱ्यातून खाली कोकणात. एका साली परतताना घाटात धुकं पडलं. एक गाभण मेंढी मागं राहिली म्हणून सिद्धू तिला आणायला माघारी फिरला. बरोबरच्यांनी वाट पाहिली, हाका मारल्या, दऱ्या धुंडाळल्या. मेंढरं गावी आली, घोडं आलं, त्यावर बांधलेलं त्याचं घोंगडं आलं. सिद्धू आला नाही.

मागं उरलं म्हसवडच्या अंगाला माळावरचं शेत, सातबाऱ्यावर सिद्धूच्या नावाचं. शेजारचा दर साली नांगर थोडा आत घालून बांध कोरत यायचा. हरणाबाई भांडायला गेल्या की तो विचारायचा, "मालक कुटं हाय? मालकाला बोलीव." चावडीत तक्रार केली तर तलाठीही तेच म्हणायचा, फक्त सभ्य भाषेत. मालकाची सही हवी आणि मालक नाही. म्हणून धाकट्या दिरानं, नानासोनं, वारसनोंदीचा अर्ज केला. नानासो भला माणूस होता, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो, म्हणजे मला छाती असती तर. जमीन वहिनीच्या नावावर व्हावी, यापलीकडं त्याला काही नको होतं.

पण त्यात एक मेख होती. बेपत्ता माणसाची सात वर्षं काही खबर नसेल, तरच कायदा त्याला मेला असं धरतो. तोवर तो ना जिवंत, ना मयत. तोवर तारखा. आणि प्रत्येक तारखेला, रीतीप्रमाणं, प्रकरणातल्या सगळ्यांचा पुकारा. अर्जदाराचा, वारसाचा आणि ज्याच्या नावावर जमीन आहे त्याचाही.

पहिल्या तारखेला यल्लाप्पा पट्टेवाला दारात आला. पट्टा सारखा करून त्यानं खड्या आवाजात हाक दिली, "सिद्धू बिरा काळेल, हाजिर हैऽऽ?" तशा तीन हाका. मित्रांनो, त्या पहिल्या हाकेला हरणाबाई माझ्यावरून अशा ताडकन उठल्या की मी डळमळलो. त्यांनी रस्त्याकडं पाहिलं. एसटी थांब्याकडं पाहिलं. मग नानासोला म्हणाल्या, सरकार हाक मारतंय म्हणजे सरकारला ठावं असंल.

नानासोनं पुष्कळ समजावलं. वैनी, ही नुसती पद्धत हाय, कागदावर नाव असलं की हाक मारत्यात. त्यांना ते पटलं नाही. न आलेल्या माणसाला सरकार उगीच कशाला बोलवील? त्या दिवशी परत बसताना त्यांनी शेजारी ते घोंगडं घडी करून ठेवलं आणि तेवढी जागा मोकळी सोडली. कुणी बसायला आलं की म्हणायच्या, "हितं माणूस हाय."

पुढची वर्षं अशीच गेली. इतर लोक तारखांच्या नावानं बोटं मोडत यायचे. हरणाबाई मात्र सणाला आल्यासारख्या यायच्या, धुतलेलं लुगडं नेसून, बरोबर भाकरीचं फडकं बांधून, त्यात चटणी दोघांपुरती. पुकारा होईस्तोवर श्वास धरून बसायच्या. यल्लाप्पाची तिसरी हाक विरली की मग कुठं सैल व्हायच्या. एकदा यल्लाप्पा तापानं आजारी होता. बदली शिपायानं नुसता प्रकरणाचा नंबर वाचला. हरणाबाई तडक आत गेल्या आणि कारकुनाला बजावलं की आज आमचं काम झालेलंच न्हाई, नाव घ्या. तो वैतागला, पण दारात येऊन त्यानं नाव घेतलं.

आता ऐका. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि सांगणार तरी कसं? कितव्या तारखेला ते कळलं नाही, पण त्या घोंगड्याच्या जागी मला वजन लागायला लागलं. घोंगड्याचं नव्हे. माणसाचं वजन. उकिडवं बसायची सवय असलेल्या माणसाला बाकावर बसवलं की तो कसा अवघडून, पाय कुठं ठेवावेत ते न कळून बसतो, तसं. ओसरी ऐन दुपारी तापलेली असायची आणि तेवढी माझी फळी गार पडायची, घाटातल्या दगडासारखी. मी भ्यायलो. खोटं कशाला बोलू? हरणाबाई संध्याकाळच्या गाडीनं जायच्या, घोंगडं घेऊन जायच्या. वजन जायचं नाही.

तिकडं बांध सरकतच होता. नानासो दर तारखेला सांगायचा की अवंदा शेजारच्याचा नांगर बोरीच्या झाडापर्यंत आला. पुढच्या साली बोर त्याच्याकडं गेली. हरणाबाईंना कळत होतं सगळं. निकाल लांबला की शेत जातंय, आणि निकाल लागला की हाक बंद होतेय. विचारा तुमच्या सरांना, याचं उत्तर कोणत्या प्रकरणात आहे?

सात वर्षं भरली तेव्हा नवे मामलेदार रावसाहेब बदलून आले होते. परीक्षा देऊन आलेला तरुण माणूस, तुमच्याहून थोडा मोठा. जुनी प्रकरणं निकाली काढायचा त्यांनी ध्यास घेतला होता. पंचांचे जबाब झाले, नानासोचा झाला. उरला हरणाबाईंचा. नवऱ्याचं नाव आणि तो मयत असल्याचं त्यांनी सांगायचं, अंगठा द्यायचा, बस्स. पण जुन्या वळणाची बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. नानासो म्हणाला, वैनीच्या वतीनं मी सांगतो. रावसाहेबांनी नाही म्हटलं. आधीच्या तालुक्यात एका दिरानं असंच वहिनीच्या वतीनं सांगून तिला देशोधडीला लावलेलं त्यांनी पाहिलं होतं. बाईचा हक्क बाईच्याच तोंडून नोंदला जाईल, असा त्यांचा आग्रह. आग्रह चांगलाच होता. हरणाबाई आत जाऊन गप्प उभ्या राहिल्या आणि तशाच बाहेर आल्या.

थोड्या वेळानं रावसाहेब स्वतः ओसरीवर आले. माझ्यावर, त्या मोकळ्या जागेवर बसले, आणि चटकन उठले. हातानं पँट चाचपून पाहिली. यल्लाप्पाला विचारलं, बाक ओला आहे का? बाक कोरडा ठणठणीत होता. हरणाबाई म्हणाल्या, "तितं नगा बसू, रावसाब." मग ते दुसऱ्या टोकाला बसले.

"बाई," ते म्हणाले, "एकदा तुमच्या तोंडानं सांगा आणि शेत तुमचं. मग बांधाला हात लावायची कुणाची छाती होणार नाही. नाहीतर मला अर्ज काढून टाकावा लागेल."

हरणाबाईंनी पदर सारखा केला. "सासू गेली, सासरा गेला. नानासो त्येस्नी दादा म्हणतो. मला घेता येत न्हाई. घरात त्येंचं नाव घेणारं कोण ऱ्हायलं न्हाई, रावसाब. आता हितंच तेवढं ऐकाया मिळतं." मग थांबून विचारलं, "आज लिवलं, म्हंजी म्होरल्या तारखेला यल्लाप्पा हाक मारील का?"

रावसाहेबांना खोटं बोलता आलं असतं. ते म्हणाले, "नाही. पुढची तारीखच नसेल."

मग यल्लाप्पा रिवाजाप्रमाणं पुकाऱ्याला दारात उभा राहिला, आणि हरणाबाई उठल्या. म्हणाल्या, "तू ऱ्हाऊ दे, बाबा. आज मी मारती."

त्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या. पहिल्यांदा ओठ नुसते हलले. जन्मात कधी न उच्चारलेलं नाव तोंडातून निघेना. दुसऱ्यांदा आवाज आला तो पुटपुटल्यासारखा. तिसऱ्यांदा मात्र त्यांनी माळावरून पार पलीकडच्या टेकाडावर पोचवायची असते तशी लांबलचक हाक दिली, "सिद्धूऽऽ". आत टाइपरायटर थांबला. झाडाखाली बसलेले लोक उठून उभे राहिले. नानासो तोंड फिरवून ढसाढसा रडला.

कुणी ओ दिली नाही. हरणाबाईंनी रस्त्याकडं पाहिलं, थांब्याकडं पाहिलं. मग वळून, माझ्याकडं न बघता, सरळ आत गेल्या. त्यांचा आवाज मला बाहेर ऐकू आला.

"लिवा, रावसाब. सिद्धू बिरा काळेल. माझं मालक. मयत."

पण मित्रांनो, तिसऱ्या हाकेला माझ्यावरचं ते वजन हललं होतं. तो उठायला निघाला होता. एवढ्या वर्षांत यल्लाप्पाच्या हाकांना तो हलला नव्हता, या हाकेला हलला. फळी हलकी झाली, तो जवळजवळ उठलाच. आणि तोवर त्या आत गेल्या होत्या. त्याला 'आत चला' म्हणणारं कुणी नव्हतं. तो परत बसला.

काम मात्र चोख झालं. आदेश निघाला. एक प्रत हरणाबाईंना, एक तलाठ्याला, एक नानासोला, एक दप्तरी. मोजणी झाली, दगड रोवले, बोरीचं झाडसुद्धा परत आलं. शेत हरणाबाईंच्या नावावर चढलं आणि त्या पुन्हा कचेरीत आल्या नाहीत. का याव्यात? माझंही मन त्यांच्यासाठी भरून आलं. रावसाहेबांची बदली झाली, यल्लाप्पा पेन्शनीत गेला. ओसरीवर लोखंडी खुर्च्या आल्या. मला पाण्याच्या पिंपाशेजारी गळक्या कौलांखाली सारलं, मग निर्लेखित केलं, म्हणजे वहीतून माझी नोंद खोडली, मग लिलावात काढलं. ट्रकमध्ये चढवताना मी दोघा हमालांना पेलवेना. तिसऱ्याला बोलावलं. म्हणाले, एवढ्याशा बाकाला एवढं वजन कसलं?

तुमच्यातला एखादा या टोकाला बसला की दचकून सरकतो, हे मी रोज बघतो. थट्टा करू नका त्याची.

उद्या तुमच्यापैकी कुणीतरी मामलेदार होईल, कुणी प्रांत, कुणी त्याहून मोठा. नियम पाळा, तारखा पाळा, प्रती सगळ्यांना पाठवा. मी काही तुम्हाला शिकवायला बसलो नाही. एवढीच विनवणी आहे. ज्याला हाक मारून बोलावलंत, त्याचं काम होवो न होवो, एकदा ओसरीवर येऊन त्याला सांगा, 'झालं, आता घरी जा.' सिद्धूला हे कुणीच सांगितलं नाही. सरकारनं बोलावलंय म्हणून तो बसून आहे, आणि मला बोलता येत नाही.