भोजलीचं नाव

नवऱ्याचं नाव घ्यायची लाज कुसुमताईंनी पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात सोडली. लग्नानंतर कितीतरी वर्षं 'उद्धवराव' हे नाव फक्त उखाण्यात यायचं. पण केसपेपरच्या रांगेत मागची बाई ढोसायला लागली आणि खिडकीतला माणूस खेकसला, तेव्हा कसला उखाणा आणि कसलं काय! त्यांनी ते आडनावासकट ठणकावून सांगितलं. तेव्हापासून "अहो उद्धवराव, दूध उतू गेलं की!" ही हाक काळेवाडीच्या त्यांच्या गल्लीत खालच्या किराणा दुकानापर्यंत ऐकू जाते.

एक नाव मात्र त्यांनी कुवारपणापासून आजवर घेतलेलं नव्हतं. ते त्यांच्या भोजलीचं.

भोजली म्हणजे काय, हे काळेवाडीत कुणाला ठाऊक असायचं कारण नाही. गल्लीत लातूरचे आहेत, सोलापूरचे आहेत, कोकणातले आहेत. गोंदियाच्या पार टोकाचं, छत्तीसगडच्या शिवेवरचं माहेर असलेल्या कुसुमताई एकट्याच. त्यांच्याकडे श्रावणात बायका टोपलीत गहू पेरतात आणि अंधाऱ्या खोलीत झाकून ठेवतात. उन्हाचा कवडसासुद्धा लागू देत नाहीत, म्हणून अंकुर हिरवे न येता पिवळेधमक येतात. त्या अंकुरांनाच भोजली म्हणतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी ते नाल्यात सोडायचे. सोडण्याआधी दोन मुली एकमेकींच्या कानावर त्यातले थोडे अंकुर खोचतात आणि तिथून पुढे त्या एकमेकींच्या भोजली होतात. सख्ख्या बहिणीपेक्षा जवळच्या. एकीच्या घरी मयत झालं तर दुसरीलाही सुतक. हाक मारायची तीही 'भोजली' अशीच. पुन्हा नाव म्हणून घ्यायचं नाही. घ्यायचं ते एकदाच, दुसरी गेल्यावर, तिला पाणी सोडताना. "जितेपणी नाव घेतलं तर तिचं आयुष्य तुटते," असं कुसुमताईंच्या आईनं बजावलं होतं, आणि आईचं बाकी सगळं कानाआड करणाऱ्या कुसुमनं हे तेवढं गाठीला बांधलं.

कुसुमताईंचं कोसमटोला महाराष्ट्रात आणि भोजलीचं सेमरडीह छत्तीसगडात. मध्ये जंगल, जंगलात एक नाला, आणि नाल्यापाशी बुधवारचा बाजार. राज्याची हद्द त्या नाल्यातूनच जाते हे दोघींना मोठं होईस्तोवर माहीतच नव्हतं. टोपलीत मोहफुलं घेऊन एक इकडून यायची, एक तिकडून. बाजार उठला की पाण्यात पाय सोडून बसायच्या आणि घरी उशिरा पोचून बोलणी खायच्या.

मग कुसुमला पिंपरीतल्या कंपनीत कामाला असलेला नवरा मिळाला. पहिली काही वर्षं ती माहेरी गेली की वाट धरून नाल्यापलीकडे जाऊन यायची. पुढे अलीकडच्या जंगलाचं अभयारण्य झालं, पलीकडच्याचंही झालं. दोन्ही बाजूंनी आपापली फाटकं लावली, आपापले पहारेकरी नेमले. इकडचा माणूस तिकडे दिसला की चोर आणि तिकडचा इकडे दिसला की शिकारी. वाघ तेवढा दोन्हीकडे फिरे, त्याला कोण अडवणार? सेमरडीह जंगलातून उठवलं आणि बाहेर तीन ठिकाणी वसवलं. भोजलीचं लग्न त्यानंतरचं. कुठे दिली, कुणाला दिली, कुसुमताईंच्या कानावर आलंच नाही. भाऊ वारला, भाचे नागपूरला गेले, आणि भाच्यांना ती ठाऊक होती ती नुसती 'भोजली मावशी' म्हणून.

तरी दर श्रावणात कुसुमताई पलंगाखाली प्लास्टिकच्या घमेल्यात गहू पेरत. "लोक पलंगाखाली पेट्या ठेवतात, आमच्याकडे शेती," असं उद्धवराव आल्यागेल्याला सांगत. राखीच्या दुसऱ्या दिवशी कुसुमताई ते अंकुर पवनेत सोडून यायच्या. मुलगा गणराज शाळेत असताना एकदा म्हणाला होता, "आई, पवना मुळेतून भीमेला मिळते, भीमा कृष्णेला. तुझा नाला गोदावरीकडे जातो. तुझे गहू तिथे पोचणारच नाहीत, थेट समुद्रातच भेटतील." कुसुमताईंनी त्याला एक चापट मारली आणि मग घरात जाऊन रडल्या. ती आठवण त्यांना अजून टोचते.

यंदा श्रावणातच चिंचवडला पर्यटनाचं प्रदर्शन भरलं. सून वर्षाली पिंपळे सौदागरला एका ऑफिसात आहे, तिला पास मिळाले. गणराजची चाकणला शिफ्ट होती, म्हणून शनिवारी ती सासूलाच घेऊन गेली. दिवाळीत कुठे जायचं ते ठरवायचं होतं. काश्मीर झालं, केरळची हाउसबोट झाली, थायलंडवाल्यानं कुसुमताईंच्या हातात पेन आणि टोपी कोंबली. त्या टोपीनं वारा घेत चालल्या होत्या आणि कोपऱ्यातल्या एका लहान स्टॉलपाशी थबकल्या.

टेबलावर टोपली होती. टोपलीत पिवळेधमक अंकुर होते.

"आई, चला ना," वर्षाली म्हणाली. सासू हलेना. टोपलीमागे बसलेली तिशीतली बाई उठून उभी राहिली. "चिन्हथस का, दाई?" तिनं विचारलं. ओळखतेस का हे, आई? ती बोली कुसुमताईंच्या कानावर पडून अर्धं आयुष्य लोटलं होतं.

बाईचं नाव रमशीला. घरी पेरलेली भोजली मागे ठेवून यायचा जीव होईना, म्हणून टोपलीसकट रेल्वेनं आली होती. पावसाळ्यात जंगल बंद, तेव्हाच बाहेर पडायला सवड. ती अडखळत मराठीही बोलत होती. आता दोन्ही अभयारण्यांनी हात मिळवले आहेत, तिनं सांगितलं. गस्त एकत्र, वणवा विझवणं एकत्र, वाघांची मोजणी एकत्र. नाहीतर एकच वाघ दोन्हीकडच्या कागदांत दोनदा मोजला जायचा. गाइडचं ट्रेनिंगही एकत्र झालं, तिथेच कोसमटोल्याच्या बायकांनी तिला मराठी शिकवलं. आणि आता एक वाट उघडलीय. दिवसाला मोजकेच लोक, गाडी नाही, प्लास्टिक नाही, सोबत गावचाच गाइड, मुक्काम बायकांच्या घरी. बोर्डावर नकाशा होता: कोसमटोला, नाला, जुनं सेमरडीह. वर मोठ्या अक्षरांत 'मितान वाट'. मितान म्हणजे बांधून घेतलेला मित्र. साहेबलोकांनी नाव ठेवताना इतका विचार केला असेल असं वाटत नाही, पण कधीकधी साहेबलोकांकडूनही बरोबर होऊन जातं.

"ही तर आमची बाजाराची वाट," कुसुमताई म्हणाल्या.

"होय जी. आता ऑनलाइन बुकिंग असते," रमशीला म्हणाली.

सेमरडीहची माझी भोजली आहे, कुसुमताईंनी सांगितलं. मंगलूची पोरगी. आहे का गं? जिती आहे का?

रमशीलाचा जन्म नव्या वस्तीतला. तिच्या वस्तीत कुणी मंगलू नव्हता, आणि बाकीच्या दोन वस्त्यांतले म्हातारे तिला कुठून माहीत असणार? "नाव सांगा ना, दाई. मी फोन करून विचारते. दोन मिनिटांचं काम."

कुसुमताई टोपलीतले अंकुर चाचपू लागल्या.

"आई, सांगा की!" वर्षाली म्हणाली.

"मले नाही घेता येत ते नाव."

वर्षालीनं सगळे उपाय केले. लिहून द्या म्हणाली, कानात सांगा म्हणाली, पहिलं अक्षर तरी सांगा म्हणाली. कुसुमताई मान हलवत राहिल्या. शेवटी रमशीलानंच त्यांचा नंबर घेतला आणि विचारते कुणाला तरी, असं मोघम बोलून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. तिची पिढी वेगळी. तिची स्वतःची भोजली तिला फोनवर नाव घेऊनच शिव्या घालते.

घरी येऊन कुसुमताईंनी पोळ्या लाटल्या त्या सगळ्या वाकड्या. उद्धवराव नेहमीचं काहीतरी बोलणार होते, पण बायकोचं तोंड पाहून त्यांनी गुमान जेवून घेतलं. मग हलकेच म्हणाले, "गणराजची आई, एवढ्या वर्षांनी कोण बघायला बसलंय? घेऊन टाक. एकदा घेतलंस म्हणून काय होणार?"

"आणि झालं तर?"

गोष्ट अशी अडली होती की ती गेली असेल तर नाव घ्यायलाच हवं, पाणी सोडायलाच हवं. आणि जिवंत असेल तर घेता कामा नये. जिवंत आहे की नाही हे कळायला मात्र आधी नाव घ्यायला हवं. कुसुमताईंना त्या रात्री तिची फार म्हणजे फार आठवण आली. तोंड नीट आठवेना, कानावर खोचलेले अंकुर तेवढे आठवत होते, आणि पाण्यात सोडलेले चार पाय.

सकाळी त्यांनी ठरवलं. प्रदर्शनाचा शेवटचा दिवस होता, संध्याकाळी रमशीला निघून जाणार होती. घेऊ नाव. देव आपल्याला माफ करेल, आणि भोजली तर करेलच. ती कधी जास्त वेळ रुसून बसायची नाही. वर्षालीला सोबत घेऊन त्या दुपारीच बसनं चिंचवडला पोचल्या. वाटभर त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत, कारण तोंड उघडलं तर तेच नाव आधी बाहेर पडेल अशी त्यांना धास्ती होती.

रमशीलाची आवराआवर चालू होती. त्यांना बघून ती खूश झाली. "बसा, दाई! मंगलू तर बाकीच्या वस्त्यांत ढीगभर निघाले, म्हणून रात्री मी आमच्या बचत गटाच्या ग्रुपवर आवाज पाठवला, कोसमटोल्याची भोजली कुणाकुणाची आहे म्हणून. तिन्ही वस्त्यांतल्या म्हाताऱ्या नुसत्या तुटून पडल्या! सगळ्यांना मी विचारलं, तुझ्या भोजलीचं नाव काय. कुणी म्हणे गिरजाबाई, कुणी सोजरबाई, कुणी अंबुबाई. तुमचं नाव काय, दाई?"

"कुसुम."

"मग कुसुम कोणाचीच नाही," रमशीला ओशाळून म्हणाली.

कुसुमताई खुर्चीवर बसल्या. एवढ्या जणींनी नेम मोडून एवढी नावं घेतली आणि त्यात आपलं नाव नाही. म्हणजे ती नाही. त्यांनी पदरानं तोंड पुसलं. वर्षालीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"रमशीला, ऐक," त्या म्हणाल्या. "मी सांगते नाव. तू विचार, ती कधी गेली ते." त्यांची जीभ टाळ्याला लागली.

रमशीला पाठमोरी होऊन बोर्डाची चिकटपट्टी ओढत होती. "सांगा," ती तशीच म्हणाली. "तशी एक राहिलीय म्हणा. पण ती म्हातारी भारी हट्टी. मी विचारलं, तिच्या नातवानं विचारलं, ढिम्म नाही. 'नई बतावंव' एवढंच. भोजली आहे म्हणते आणि नाव सांगत नाही! तिला मी सोडूनच दिलं."

कुसुमताईंनी तोंडावर हात दाबला. नाव आलं होतं ते त्यांनी अक्षरशः गिळलं.

"तिलेच लाव फोन," त्या हाताआडून म्हणाल्या. "अवं, तीच हाय! तिलेच लाव!"

रमशीला वळून बघत राहिली. मग तिला उमगलं, वर्षालीला उमगलं, आणि दोघींची एकच धांदल उडाली. नातवाला फोन लागला. नातू अंगणात होता, आजी आत होती, तो पळत गेल्याचं ऐकू आलं, कोंबड्या ओरडल्या. मग फोनमधून कुणाचा तरी श्वास ऐकू आला.

"भोजली," कुसुमताई म्हणाल्या.

कशी आहेस नाही, कुठे होतीस नाही. एक थकलेला, खरखरीत आवाज आला, आणि त्यानं पहिल्यांदा विचारलं ते हे:

"तैं मोर नाव ले हस का?"

माझं नाव घेतलंस का? कुसुमताईंच्या जिभेवर ते पहिलं अक्षर अजून होतं.

"नई ले हंव," त्या म्हणाल्या.

"महूं नई ले हंव," आवाज म्हणाला. मीही नाही. "सब झन कहिन, मर गे होही, पानी दे दे. तभो नई लेंव."

सगळे म्हणाले, मेली असेल, पाणी सोडून दे. तरी नाही घेतलं.

प्रदर्शन बंद होत असल्याची घोषणा झाली, थायलंडवाला समोरून आपले फुगे फोडत गेला, आणि कुसुमताई फोन कानाला लावून मोठ्यानं रडत राहिल्या. पलीकडचीही रडत होती. रमशीलानं टोपलीतले थोडे अंकुर उपटून त्यांच्या कानावर खोचले. वर्षाली आपल्या मोबाइलवर मितान वाटेचं बुकिंग करत होती; फाटक उघडायला अजून दोन-अडीच महिने होते. पर्यटकाचं नाव असा रकाना आला, तिथे तिनं सासूचं नाव घातलं.