बागेत पाट फुटला

बेलापुरात पुण्याच्या मोठ्या बागेविषयी शेवटचा शब्द रंगनाथचा असे. तरुणपणी साखर कारखान्याच्या सहलीत तो एकदा ती बाग बघून आला होता. बघून म्हणजे काय, बस बाहेर भोंगा वाजवत होती आणि हा आत पळत होता. पण त्या घाईच्या दुपारच्या जोरावर त्याने पुढची सगळी वर्षं पारावर काढली. कुणी मुंबईचा समुद्र काढला की हा बाग काढायचा. एकदा बोलण्याच्या भरात त्याने बागेत हत्तीही बांधला. तो हत्ती आपण पाहिला की नुसताच सांगितला, हे आता त्याचं त्यालाही नक्की आठवत नव्हतं.

त्यामुळे मेहुणा सहादेव भाचीसाठी, छबूसाठी, पुण्याचं स्थळ घेऊन आला आणि मुलगी त्याच बागेत दाखवायची म्हणाला, तेव्हा रंगनाथची छाती दोन बोटं फुगली.

"दाजी, पोराची खोली लहान हाय," सहादेव म्हणाला. "चार मानसं बसली की पाचवा उंबऱ्यावर. त्यापरीस बागंत बसू. मोकळी हवा हाय."

"बागंचं मला नको सांगू," रंगनाथ म्हणाला. "नळ हाय का पोराकडं, त्ये सांग."

"नळ हाय की."

एवढंच रंगनाथला ऐकायचं होतं. पोरगा, गोरक्षनाथ, पुण्यात कारखान्यात कामाला होता. घरात तो आणि त्याची आई केशरबाई, दोघंच. मूळची माणसं पाथर्डीकडची. केशरबाईला लवकर वैधव्य आलं, तिने ऊसतोडीवर पोराला वाढवलं आणि तो कामाला लागल्यावर त्याच्यामागे पुण्याला आली. हे सगळं रंगनाथने अर्ध्या कानाने ऐकलं. दुसऱ्या कानात नळ वाजत होता.

त्याला कारण होतं. पाऊस दोन सालं पाठ फिरवून बसलेला. पाटाला पाणी येई ते पाळीने, आणि रंगनाथच्या रानाची पाळी हटकून रात्रीच. रात्री उठायचं, कंदील घ्यायचा आणि उजाडेपर्यंत एकेका वाफ्याचं दार फोडत, बांधत पाणी फिरवायचं. रंगनाथची कंबर धरल्यापासून हे काम छबूवर आलं होतं. तिच्या पाठीवर दुसरं मूल नव्हतंच. तो बांधावर बसून हुकूम सोडायचा आणि पोर चिखलात. एके पहाटे त्याने पाहिलं, छबू फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभ्या उभ्या झोपली होती. त्याने तिथेच ठरवलं, ही पोरगी पाटापासून लांब द्यायची, नळाच्या घरात.

म्हणून तर त्याने सहादेवाच्या हाती निरोप धाडला होता, की आमची छबू शिवणकाम करते, रांगोळी काढते आणि तिच्या पायाला चिखल ठाऊक नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला! मालनबाई, त्याची बायको, त्या वेळी छबूच्या टाचांच्या भेगांत कोकम तेल भरत होती. तिने नवऱ्याकडे नुसतं बघितलं. हे बघणं रंगनाथच्या चांगलंच ओळखीचं होतं, त्यामुळे त्याने गोठ्यात जाऊन बैलांची विचारपूस केली.

एस्टीत बसल्यापासून रंगनाथने दोघींना धडे द्यायला सुरुवात केली. बागेत उकिडवं बसायचं नाही. मोठ्याने बोलायचं नाही. फुलाला हात लावायचा नाही. भाकरीचं गाठोडं सोडायचं नाही. आणि काही झालं तरी आपण खेड्यातले आहोत हे दिसू द्यायचं नाही. हे सांगताना त्याचा आवाज असा टिपेला गेला होता, की कंडक्टरने मागे वळून पाहिलं.

"अवो, हळू," मालनबाई म्हणाली. "नियम तुमालाबी हाईत न्हवं?"

बागेत पाऊल ठेवलं आणि रंगनाथ गप्पच झाला. बाग त्याच्या आठवणीपेक्षा मोठी होती. हत्ती नव्हता. पण हिरवळ होती आणि ती ओली होती. गावाकडे ऊस वाळून चाललेला, आणि इथे नुसतं चालायला, बसायला म्हणून वाढवलेलं गवत पाण्याने तट्ट फुगलेलं! त्याने वाकून मूठभर गवत चाचपलं, मग आपलेच नियम आठवून हात धोतराला पुसला.

पाहुणे आले. गोरक्षनाथ उंच, लाजरा, पांढरी शुभ्र पँट घातलेला. केशरबाई उन्हाने रापलेली, अंगावर ठेवणीतलं निळं लुगडं. उताराच्या पायथ्याशी, गुलमोहराच्या सावलीत सगळे बसले. मालनबाईने लाडू काढले. छबू मान खाली घालून बसली आणि विचारलं तेवढंच बोलली. सगळं कसं रीतीप्रमाणे चाललं होतं.

"शेतात जाती का गं पोरी?" केशरबाईने विचारलं.

छबूने तोंड उघडायच्या आत रंगनाथने आपलं उघडलं. "छ्या छ्या! शेतात कशाला? पायाला चिखल ठाऊक न्हाई तिच्या."

"अस्सं," केशरबाई म्हणाली आणि हातातला लाडू तिने खाली ठेवला.

रंगनाथला वाटलं, बाई दिपली. आता बायकांना बोलू द्यावं, असा शहाणा विचार करून तो पाय मोकळे करायला उठला. त्याच्या शहाण्या विचारांचा इतिहास मालनबाईला ठाऊक होता. "लांब जाऊ नगा," ती म्हणाली.

तो उतार चढून वर गेला आणि थबकला. वर फुलझाडांचे वाफे होते. माळ्याने रबरी नळी पहिल्या वाफ्याच्या पाटात सोडून दिली होती आणि स्वतः कुठे चहाला गेला होता. पहिला वाफा काठोकाठ भरून पाणी वाटेवर सांडत होतं. पलीकडचे वाफे कोरडे ठाक, शेवंतीने माना टाकलेल्या. वाटेवरच्या पाण्यात एक चिमणी मजेत अंघोळ करत होती.

रंगनाथने तोंड फिरवलं. 'आपल्याला काय करायचंय,' त्याने स्वतःला बजावलं. 'आपण पाहुणे. आज आपण खेड्यातले नाही.' तो चार पावलं पुढे गेला आणि दोन पावलं मागे आला. पाणी वाहण्याचा आवाज त्याचा पाय मागे ओढत होता. बेलापुरात असं पाणी कुणी वाया घालवलं असतं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता.

तिथे पाटी होती. त्याने ती भक्तिभावाने वाचली. फुले तोडू नयेत. कचरा टाकू नये. पाण्याला हात लावू नये असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. आणि नेमकं फावडं कडेला पडलेलं होतं.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि रंगनाथ तर अजून चांगला धडधाकट होता. त्याने वहाणा काढल्या, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं, कंबर दुखते हेही विसरला. दोन फावड्यांत पहिल्याचं दार बांधलं, दोन फावड्यांत पुढचं फोडलं. पाणी गर्रकन वळलं आणि कोरड्या वाफ्यात शिरलं. फावड्यावर रेलून तो समाधानाने ते बघत राहिला. पुण्याच्या माळ्याला जे कळत नाही ते आपल्याला कळतं, असं त्याला वाटलं, आणि हे वाटणं अगदी थोडा वेळच टिकलं.

बेलापूरच्या रानाचा उतार त्याला तळहातासारखा पाठ होता. पण ही बाग कुणी पिकासाठी केलेली नव्हती, डोळ्यांसाठी केली होती. कुठे माती भरून उंचवटा केलेला, कुठे मुद्दाम खोलगट. त्या वाफ्याची खालची कड नुसती भुसभुशीत मातीची होती. पाणी कडेला टेकलं, कड हलली, आणि बघता बघता वीतभर भगदाड पडून सगळा लोंढा उतारावरून निघाला, थेट गुलमोहराकडे.

खाली गुलमोहराखाली त्याच्या मुलीचं लग्न ठरत होतं.

आता अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावं? धावत जाऊन नळी उचलून दुसरीकडे टाकावी. पण पाटावर वाढलेल्या माणसाच्या तोंडून आधी हाळी निघते. रंगनाथने दोन्ही हात तोंडाशी नेले आणि अख्खी बाग दणाणेल असा ओरडला, "पाट फुटलाऽऽ! धावाऽऽ!"

बाकड्यांवरचे म्हातारे उठून उभे राहिले. बागेत फिरायला आलेल्या माणसांना कसला पाट, कुठे फुटला, काही कळेना. पण एकीला कळलं. मान खाली घालून बसलेली छबू ती हाळी ऐकताच ताडकन उठली. तिने नव्या लुगड्याचा ओचा वर खोचला, पदर कमरेला गुंडाळला आणि लोंढ्याच्या उलट्या दिशेने उतार चढत सुटली. भगदाडाशी पोचली, एकदा वरखाली पाहिलं आणि सरळ त्यात फतकल मारून बसली.

पाटावर असंच करतात. मातीने तोंड बुजत नाही तोवर माणूस बसतो. पाण्याला पाठ द्यायची आणि जागचं हलायचं नाही.

"बगता काय नुस्तं?" ती समोर बघून ओरडली. "माती आना!"

समोर गोरक्षनाथ होता. तिच्यामागे का पळत आलो हे त्यालाही सांगता आलं नसतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी चिखल आणून तिच्या कडेला थापायला लागला. पांढरी पँट बघण्यासारखी झाली.

"तितं न्हाई, हिकडं! दाबून!"

"हां, दाबतो," गोरक्षनाथ म्हणाला.

रंगनाथ वरून उतरून आला. हातात फावडं, पिंढऱ्यांपर्यंत चिखल. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. इथे पाषाण तेवढा भिजून चिंब झाला होता. समोर मालनबाई लाडवांचा डबा डोक्यावर धरून उभी होती. सहादेव तोंड लपवायला झाड शोधत होता. आणि केशरबाई, तिच्या निळ्या लुगड्याचा काठ चिखलाने माखलेला, चढ चढून छबूपाशी येऊन उभी राहिली होती.

रंगनाथने मुलीकडे पाहिलं. ज्या चिखलातून तिला बाहेर काढायला एवढ्या लांब आणलं, त्याच चिखलात तिला त्याने आपल्या हाताने बसवलं होतं, तेही नव्या लुगड्यात, पाहुण्यांच्या देखत. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाई, मी खोटं बोललो," तो म्हणाला. "पोरगी पान्याच्या पाळीवर असती. रातच्या रात पान्यात उभी असती. माजी कंबर गेली, म्हनून. तिला यातनं सोडवायची हुती, दुसरं मनात काय न्हवतं. माफ करा. आमी निगतो."

"कुटं निगता?" केशरबाई म्हणाली. "हातच्या काकणाला आरसा कशाला? मला दिसतंय की." ती भगदाडाकडे बघत होती. "पाव्हनं, तुमच्याच पाटाच्या कडंला मी ऊस तोडलाय. ह्यो माजा गोरक्ष पाचटावर निजलेला असायचा. पाट फुटला की तुमच्याकडच्या बाया अशाच धावायच्या. तवाच मनात घेतलं हुतं, सून आनीन तर असली. अन् तुमी म्हनला, चिखल ठाऊक न्हाई! मी तर उठून जायच्या बेतात हुते."

"उठून?"

"मग काय करू? आमच्या चाळीला मिळून एक नळ. पाळी लावून भरावं लागतं, अन् पाळी राखायला भांडावं लागतं. माजं हात आता चालत न्हाईत. नाजूक सून आनून तिला काय फळीवर बसवू?"

रंगनाथने सहादेवाकडे पाहिलं. सहादेव झाडाकडे पाहू लागला. नळ आहे, एवढंच तो म्हणाला होता आणि एवढंच रंगनाथने विचारलं होतं. म्हणजे इथेही पाळीच! अर्ध्या कानाने स्थळ ऐकणाऱ्या बापाचं आणखी काय व्हायचं? आता होकार समोर येऊन उभा होता आणि रंगनाथला तो घ्यावासा वाटेना.

"मला पोरीला इचारू द्या," तो म्हणाला.

पण छबूनेच विचारलं. पाण्याला पाठ दिलेली, केसांत गवत अडकलेलं, तशीच ती केशरबाईकडे मान वर करून म्हणाली, "मावशी, तुमच्या नळाला पानी कवा येतं?"

"सकाळचं. दिस उगवल्यावर."

"रातचं येत न्हाई ना?"

"न्हाई गं. रातचा नळ कोरडा."

छबूने थोडा विचार केला. मग ती म्हणाली, "मग मला चालतंय. रातची झोप तरी मिळंल."

मालनबाईने डबा डोक्यावरून खाली घेतला. गोरक्षनाथ हातातला चिखल तसाच धरून राहिला. रंगनाथने हातातलं फावडं खाली टेकवलं. एवढ्या वर्षांत पोरीने झोप येते म्हणून एका शब्दाने कधी सांगितलं नव्हतं, आणि बांधावर बसून हुकूम सोडणाऱ्या बापाने कधी विचारलं नव्हतं.

"आबा," छबू म्हणाली, "लगीन मागनं ठरवा. आदी वरलं पानी बंद करा. मी किती येळ बसू?"

रंगनाथ दचकला, फावडं उचललं आणि धोतर सावरत उतार चढून पळाला. वर माळी येऊन उभा होता. तो मोडलेल्या वाफ्याकडे बघत होता, मग याच्या हातातल्या फावड्याकडे बघायला लागला.

"हे कुणी केलं? कोण तुम्ही?"

बागेविषयी शेवटचा शब्द रंगनाथचा असे. त्याने फावडं खाली ठेवलं, ओल्या हाताने डोळे पुसले आणि खाली बोट दाखवलं.

"ती फुटक्या बांधावर बसलीय ना," तो म्हणाला, "तिचा बाप."