बाई शेवटचं प्रकरण वाचत नाहीत

बाईंचं वाचन म्हणजे अख्ख्या विभागाच्या डोक्याला ताप. कॅरिबियन बेटांवरच्या आणि आफ्रिकेतून जगभर पांगलेल्या लोकांच्या कादंबऱ्या शिकवण्यात त्यांची हयात गेली, आणि त्या सगळ्या त्यांनी आपल्या खोलीत बसून खड्या आवाजात वाचल्या. "अहो, ही माणसं बोलल्यासारखं लिहितात. कानांनी नाही वाचलं तर कळणार काय, कपाळ?" त्या थांबल्या रे थांबल्या की पलीकडच्या खोलीतले व्याकरणवाले सर मधल्या प्लायवूडवर पट्टी आपटायचे. सुटलो एकदाचे, असं म्हणत असणार मेले, असं बाईंना वाटायचं.

आता बाई निवृत्त व्हायला आल्या, आणि विभागप्रमुखांनी बैठकीत सांगून टाकलं, "शिकवणारं दुसरं कुणी नाही. तुमच्यामागे हा विषय बंद." बाईंनी पेन टेबलावर आपटलं. पोटच्या पोरासारखा वाढवलेला विषय, आणि त्याला सांभाळायला कुणी नाही!

"मी शिकवेन," कोपऱ्यातून व्याकरणवाले सर म्हणाले.

"तुम्ही?" बाई उखडल्या. "भिंत बडवणारे?"

"ऐकून ऐकून पाठ झालंय सगळं." आणि सर सुरूच झाले की हो! एका कादंबरीतली परदेशी राबायला गेलेली आई, बेटावर आजीजवळ राहिलेली मुलगी, आईने कपडे भरून बोटीने पाठवलेलं पिंप, त्यात डोकं खुपसून आईचा वास शोधणारी ती पोर. आजीच्या ओरडण्याची ढब तर थेट बाईंची. विभागप्रमुख आ वासून बघत राहिले.

"मग पट्टी कशाला आपटायचात?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही शेवटचं प्रकरण वाचतच नाही म्हणून! ऐन रंगात येता आणि पुस्तक मिटून घरी!"

बाई गडबडल्या. शेवट त्या घरी दार लावून वाचायच्या. रडू यायचं, आणि ते भिंतीपलीकडे कशाला ऐकवायचं?

"ग्रंथालयातून आणायचं होतंत पुस्तक," त्या पुटपुटल्या.

"आणलं होतं. आई परत येऊन दारात उभी राहते आणि मुलगी विचारते, 'कोण हवंय?' ती थट्टा करते की रागावलीय? नुसत्या डोळ्यांनी कळेचना हो!"

बाईंनी पिशवीतून तेच पुस्तक काढलं. शेवटचं प्रकरण उघडलं. सगळ्यांदेखत त्या वाचू लागल्या, आणि "कोण हवंय" म्हणताना त्यांना रडू फुटलंच.

"असं होय," सर चष्मा पुसत म्हणाले.

बाईंनी पुस्तक त्यांच्यापुढे सरकवलं. "आता तुम्ही. आणि जरा मोठ्याने."