व्योमकेतूचा टोप

मी व्योमकेतूचा टोप बोलतोय. कोल्हापुरातल्या एका सिनेमागृहाच्या दारात, काचेच्या पेटीत सध्या माझा मुक्काम आहे. लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात आणि मीही जरा ऐटीत बसतो. टीव्हीवरच्या मालिकेत मी मंगळापलीकडून आलो, असं सांगायचे. खोटं कशाला बोलू? मी मूळचा दुधाचा कॅन.

सव्वीस वर्षांपूर्वी उद्यमनगरातल्या कल्लाप्पांनी मला घडवलं. मालिकेचे निर्माते संध्याकाळी त्यांच्या वर्कशॉपमध्ये आले आणि म्हणाले, उद्या सकाळी मुहूर्त आहे, व्योमकेतू नावाच्या अवकाशवीराचा टोप पाहिजे. कल्लाप्पांनी पोचे पडलेला ॲल्युमिनियमचा कॅन घेतला, मान कापली, उलटा केला, ठोकून गोल केला. डोळ्यांसाठी फट पाडली ती स्वतःच्या चेहऱ्याच्या मापानं. तिथंच घोटाळा झाला. टोप घालणार होता कृष्णात नावाचा एक उंच तरुण, आणि त्याच्या लांबट चेहऱ्यावर ती फट बरोबर भुवयांवर आली.

हे कळलं कधी? नारळ फुटून, मला हळदकुंकू लागल्यावर.

"कल्लाप्पा, पायाखालचं काय बी दिसंना की!" कृष्णात आतून ओरडला.

कल्लाप्पांनी करवत उचलली आणि परत खाली ठेवली. "पूजा झाल्यावर करवत लावायची न्हाय बाबा. तूच बघ कसं जमतंय ते."

मग कृष्णातनं जमवलं. मान पुढं झुकवायची, पाऊल उचलायचं नाही, पुढं सरकवायचं, जमीन चाचपायची आणि मगच भार टाकायचा. पडू नये एवढीच बिचाऱ्याची धडपड. पण लोकांना वाटलं, परग्रहावरची माणसं अशीच चालत असणार. महिन्याभरात गल्लीबोळातली पोरं तशी चालू लागली. एकशे चार भाग झाले. चूक माझी, मेहनत कृष्णातची आणि कौतुक व्योमकेतूचं.

निर्मात्यांनी कृष्णातकडून शब्द घेतला होता: आत माणूस आहे हे पोरांना कळता कामा नये. म्हणून मालिकेच्या शेवटी सगळ्यांची नावं यायची, त्याचं यायचं नाही. पाहुण्यांत कुणी विचारलं, तर तो "शूटिंगला सामान उचलायला जातो" म्हणायचा. रोज मला डोक्यावरून काढलं की तो आधी आरसा मागायचा आणि बराच वेळ आपलं तोंड बघत बसायचा. मला फार वाईट वाटायचं.

मालिका संपली. कृष्णात कागलच्या एका कारखान्यात फिटर झाला आणि मी कसबा बावड्यात त्याच्या घरी आलो. त्याच्या बायकोनं, वर्षाराणीनं, माझ्यात लसूण भरला. फटीतून वारा खेळतो, लसूण टिकतो, हे तिचं शास्त्र. अवकाशवीराची ही गत! पण रिकामं पडण्यापेक्षा ते बरं होतं.

गेल्या वर्षी अनुजा नावाची दिग्दर्शिका दारात आली. व्योमकेतूवर सिनेमा काढत होती. "लहानपणी मीही तशीच चालायचे, काका," म्हणाली. कृष्णातनं मला पुसून तिच्या हातात दिलं आणि एकच मागणं मागितलं. "पडद्यावर माझं नाव तेवढं लावा, मॅडम. आता ती पोरं मोठी झाली."

"लावते. शब्द देते," ती म्हणाली.

सेटवर मी नमुना म्हणून टेबलावर असायचो. नव्या नायकाचा टोप फायबरचा, काच लख्ख, पायाचा अंगठासुद्धा दिसावा अशी. तरी त्याला महिनाभर जमीन चाचपत चालायला शिकवत होते. मला हसूही आलं आणि अभिमानही वाटला.

सिनेमा लागला तसं मला इथं पेटीत मांडलं, आणि त्याच दिवशी कृष्णात इस्त्रीचा शर्ट घालून बायकोबरोबर आला. गर्दी बाहेर पडली तरी दोघांचा पत्ता नव्हता. अगदी शेवटी आले. वर्षाराणी रागानं लाल झाली होती.

"झाडूवाला आला तरी बसून ऱ्हायलो. चहा देणाऱ्याचं नाव हाय, आणि तुमचं न्हाय!"

कृष्णात पेटीकडे आला. माझ्यासमोर उभा राहिला. तेवढ्यात सहा-सात वर्षांची एक मुलगी पेटीला नाक लावून उभी राहिली.

"आजोबा, हे घालून कोण चालायचं?"

सव्वीस वर्षांत कुणी पहिल्यांदाच विचारलं होतं. त्याचे ओठ हलले. सांग रे बाबा, सांग, असं मी आतल्या आत ओरडत होतो. तो गुडघ्यावर बसला.

"दुसरं कोण असणार? व्योमकेतूच की."

मुलगी खूश झाली आणि पाय सरकवत, मान पुढं झुकवून आईकडे गेली. कृष्णात तिच्याकडे बघतच राहिला.

"आता तरी सांगायचं की हो!" वर्षाराणी म्हणाली.

"ऱ्हाऊ दे गं. चल."

दोघं गेली. माझ्या पेटीखाली पितळेची पाटी आहे, तिच्यावर नव्या नायकाचं नाव आहे. कृष्णातनं त्याचा शब्द पाळला. मी मात्र कुणाला शब्द दिलेला नाही. म्हणून तुम्हां मोठ्या माणसांना सांगतो, माझ्या आत कृष्णात वरुटे होता, राहणार कसबा बावडा. लक्षात ठेवा, जमलं तर त्याला जाऊन भेटा. फक्त पोरांना सांगू नका.