एकही पाखरू नसलेलं रान

मिरजगावच्या ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या मुजफ्फर सरांनी अकरा वर्षं एकच काम नेटानं केलं होतं: कर्जत तालुक्यात फिंच, म्हणजे दाणे टिपणारे छोटे पक्षी, कुठे आणि केव्हा दिसतात, ते वहीत लिहिणं. लाल मुनिया पावसाळा सरताना, तळ्याकाठच्या गवतात. डोक्या-छातीवर गुलाल सांडल्यासारखा दिसणारा रोझफिंच दिवाळीच्या सुमारास येतो आणि ऊन तापलं की जातो. त्याचा मोठा थवा पाहायचा तर जानेवारीत, ज्वारीचा दाणा कोवळा, दुधात असताना, सकाळी सात ते नऊ. अकरा वर्षांत सरांनी न पाहिलेला एकही पक्षी लिहिला नव्हता. घरी बायको सुरय्या म्हणायची, "एवढं लक्ष किराण्याच्या यादीकडं दिलं असतंत तर!"

आता पुण्याचं एक निसर्गमंडळ त्या वह्यांचं पुस्तक छापणार होतं. अट एकच. मंडळाच्या छापील अर्जावर एका सकाळचा किमान शंभर रोझफिंचचा आकडा हवा, आणि त्याखाली गावातल्या एखाद्या शेतकऱ्याची साक्षीदार म्हणून सही. अर्ज येत्या आठवड्यात पोचला नाही, तर त्या पैशात फुलपाखरांचं पुस्तक निघणार होतं.

सरांनी गावातले शेतकरी कारभारी यांना फोन केला. त्यांच्या ज्वारीत गेल्या सोमवारीच दीडशे पक्षी मोजले होते. "रविवारी पुण्याचे पाहुणे आणतो. ज्वारीतली पाखरं बघायला."

पलीकडून आधी पाहुणे किती ते विचारून झालं. मग कारभारी म्हणाले, "या. काळजी करू नका."

रविवारी सातला मंडळाचे आठ पाहुणे दुर्बिणी लावून बांधावर उभे राहिले. रान गप्प होतं. नुसतं गप्प नव्हे, झाडून पुसून ठेवल्यासारखं. ज्वारीच्या ताटांवर चमकत्या पट्ट्या फडफडत होत्या. राखणीच्या माळ्यावर कारभारींच्या पत्नी बनुबाई पत्र्याचा डबा घेऊन बसल्या होत्या. खाली कारभारींचे भाऊ छगन गोफणीत दगड भरत होते.

"पाखरं कुठायत?" सरांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना.

कारभारींनी मिशीवरून हात फिरवला. "बघा की! शुक्रवारपासून तिघं राखतोय. एक पाखरू दावा, म्हनाल ती शिक्षा."

"अहो, पाखरंच बघायला आणलं होतं यांना!"

"व्हय, म्हनूनच! पाखरं बसल्यालं रान पाहुण्यांला दावायचं? पुन्यात जाऊन सांगतील, कारभारीला राखन जमत न्हाई."

सर बांधावर मटकन बसले. कणसं पुढ्यात डुलत होती, दाणा दुधात होता, घड्याळात सात वीस झाले होते. पुस्तकात लिहिलेलं सगळं जागच्या जागी होतं, फक्त पुस्तकाचा विषय उडून गेला होता.

मंडळींना मात्र त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. आगटी पेटली, हुरडा आला, तिळाची चटणी आली. दुर्बिणी दह्याच्या भांड्याशेजारी पडल्या. साडेनऊला मंडळाच्या अश्विनी मॅडमनी चटणीचं बोट पुसून अर्जावर आकडा टाकला: शंभर.

"मॅडम, एकही दिसला नाही," सर म्हणाले.

"सोमवारी दिसले होते ना? पक्षी तेच की!"

सर अर्ज ओढून घ्यायला पुढं सरकले. हा पाखरं नाहीत त्याहून मोठा धक्का होता. तेवढ्यात कारभारींनी डोकावलं.

"शंबर काय?"

"पाखरं. तुमच्या रानात," मॅडम म्हणाल्या. "इथं सही करा."

कारभारी दोन पावलं मागं सरकले. "माज्या रानात शंबर पाखरं? आन वर माजीच सही? छापून गावभर वाटणार तुमी! मान कापली तरी न्हाई!"

मॅडमनी दुसरा कोरा अर्ज सरांच्या हातात दिला. "समजूत घाला आणि पाठवा." गाडी गेली.

सरांनी वही काढून लिहिलं: कारभारींची ज्वारी, शून्य. सवयीनं विचारलं, "गेली तरी कुठं ती?"

"कुठं जातील? शेजारी, कानिफनाथच्या रानात. त्याला कुठं राखन जमती!"

सर ताडकन उठले. "हे मघाशी का नाही सांगितलं?"

"दुसऱ्याची अब्रू पाहुण्यांम्होरं काढायची व्हय?" कारभारींना धक्काच बसला. "शिकल्याली मानसं तुमी!"

शेजारची ज्वारी लाल झाली होती. सरांनी दोनदा मोजलं. एकशे बेचाळीस. वेळ दहाला पाच कमी. त्यांनी अर्ज भरला आणि पेन भीतभीत सोबत आलेल्या कारभारींपुढं केलं.

कारभारींनी सही ठोकली. मग अर्ज डोळ्यांसमोर धरून बराच वेळ न्याहाळला.

"रान कानिफनाथचं, हे बारीक लिवलंय सर. जरा ठळक करा."