एका स्पीकरवर

मुक्याला मुक्या म्हणत, कारण तो स्वतः फारसं बोलायचा नाही आणि दिवसभर दुसऱ्यांचे आवाज नीट करत बसायचा. गाणी रेकॉर्ड करून त्यांचं मिक्सिंग करणं हा त्याचा धंदा. गाणी रचणाऱ्या झिपऱ्याचा अल्बम त्याच्याकडे मिक्सिंगला आला तेव्हा त्याने आधी सरळ नाही म्हटलं होतं. सिंथेसायझरचे जाडजूड सूर, पाय जागेवर राहू न देणारा फंकचा ठेका आणि प्रत्येक गाण्यात शहरावर राज्य करणाऱ्या साहेबांची टिंगल. साहेबांना टिंगल चालत नसे. मागे एका पेंटरने भिंतीवर त्यांचं व्यंगचित्र काढलं, तर त्याला घरातून उचलून नेलं होतं. तो परत आला. पण तेव्हापासून चारचौघांत हात खिशाबाहेर काढत नाही.

"नावं टाकायचीच नाहीत कुणाची," झिपऱ्या म्हणाला. "मशीनने गायलं म्हणायचं. मशीनला कोण उचलून नेणार?"

पण मशीनला आधी माणसाचा आवाज द्यावा लागतो. माणूस माइकवर बोलतो, मशीन त्याचे शब्द घेऊन सिंथच्या सुरात उच्चारतं. अल्बममधलं मुख्य गाणं बसस्थानकावरच्या घोषणेच्या चालीवर होतं, आणि शहराच्या बसस्थानकावर रोज घोषणा करायची ती मुक्याची सख्खी थोरली बहीण. झिपऱ्याला दुसरं कुणी चालेना.

ताई कामावरून थेट स्टुडिओत आली, पर्स खांद्यालाच. कागद वाचून हसून हसून बेजार झाली. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. साहेबांच्या सभेला जाणारी गाडी आजही रिकामीच सुटेल." मग तिने कागद उलटा ठेवला.

"मुक्या, माझा आवाज अख्खं शहर ओळखतं. माझी पोर शाळेत जाते. यात मी कुठेही सापडता कामा नये."

"आईलासुद्धा ओळखू येणार नाही तुझा आवाज."

"आई मला फोनवर पण ओळखत नाही. तिचं सोड."

तिने एका दमात सगळं म्हटलं. मुक्या कामाला लागला. मशीनचा आवाज खोलीभर पसरावा म्हणून त्याने त्याच्या दोन प्रती केल्या. एक डाव्या स्पीकरला, एक उजव्या. आणि उजवीची ध्वनिलाट उलटी फिरवली, म्हणजे डावीची वर जाते तेव्हा उजवीची खाली. आता तो आवाज भिंतींतून आल्यासारखा वाटू लागला. फक्त शब्द गिळले जात होते. म्हणून त्याने ताईचा मूळ आवाज अगदी बारीक करून मधोमध, म्हणजे दोन्ही स्पीकरांत सारखाच, मशीनच्या पोटात लपवला. मोठ्या स्पीकरांवर ऐकलं, हेडफोनवर ऐकलं. ताईचा मागमूस नव्हता.

मुक्याचे गुरू शेल्फवर एक लहानसा डबा ठेवायचे. एकच स्पीकर असलेला. प्रत्येक गाणं शेवटी त्या डब्यावर वाजवल्याशिवाय ते हातावेगळं करत नसत. मुक्याने तो डबा कधीच माळ्यावर टाकला होता. एवढं देखणं काम केल्यावर ते टिनपाट डब्यावर कोण ऐकणार, असं त्याला वाटायचं.

अल्बम आला आणि वणव्यासारखा पसरला. सकाळी निघालेलं गाणं दुपारी रिक्षांतून वाजत होतं. झिपऱ्याने निरोप पाठवला, 'लोक नाचतायत.' मुक्या खुशीत दाढी करायला सलूनमध्ये गेला.

न्हाव्याने आरशापाशी मोबाइल ठेवून तेच गाणं लावलं होतं. जुना फोन, एकच स्पीकर, तोही चिकटपट्टीने धरलेला. मुक्याच्या गालावर वस्तरा होता. गाण्यात ड्रम थांबतात ती जागा आली, आणि फोनमधून ताई बोलली. मशीन नाही, सिंथ नाही. निव्वळ ताई, जेवायला हाक मारावी इतकी स्पष्ट.

"हलू नका हो," न्हावी म्हणाला. "कापलं असतं आता."

काय झालं ते मुक्याला आरशात स्वतःकडे बघता बघताच कळलं. डावी आणि उजवी बाजू एका स्पीकरमध्ये कोंबली की उलटी लाट सुलट लाटेला खाऊन टाकते. मशीनचा आवाज साफ नाहीसा होतो. मधोमध लपवलेलं तेवढं उरतं. आणि शहरातले निम्मे लोक असल्याच फोनवर गाणी ऐकत होते.

"या बाईचा आवाज कुठेतरी ऐकलाय," न्हावी वस्तरा पुसत म्हणाला. "अगदी रोजचा वाटतो."

मुक्या अर्धी दाढी तशीच ठेवून बाहेर पडला.

झिपऱ्याने गाणं काढून टाकायला नकार दिला, आणि त्याचं चूकही नव्हतं. "ज्यांच्याकडे पोचलंय त्यांच्याकडून कसं काढशील? उलट आज काढलं तर का काढलं म्हणून सगळे कान लावून बसतील." त्याचाही चेहरा उतरला होता. बोलता बोलता तो खिडकीचे पडदे ओढत होता.

ताई भाजी निवडत होती. मुक्याने सांगितलं तेव्हा तिचे हात थांबले नाहीत, पण निवडलेलं आणि टाकायचं ती एकाच ताटात टाकू लागली.

"उद्या रजा टाक," मुक्या म्हणाला.

"वा. गाणं गाजतंय आणि घोषणावाली नेमकी घरी. त्यापेक्षा सरळ जाऊन कबुलीवर सही करून येते ना." ती उठली. "मी जाणार. रोजच्यासारखीच बोलणार. तू मात्र तिथे फिरकू नकोस. तुझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असतं."

तरी दुसऱ्या दिवशी तो गेलाच. फलाटावरच्या खांबाला टेकून उभा राहिला. वर भोंगा. तोही एकच.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं."

काही माना वर झाल्या. एरवी कुणी मान वर करत नसे. बाकावरची एक कॉलेजातली मुलगी हसली, मैत्रिणीने तिला कोपर मारलं तशी गप्प झाली. ताईचा आवाज मात्र इस्त्री केल्यासारखा, एक सुरकुती नाही.

तेवढ्यात त्याला तो माणूस दिसला. पांढरा शर्ट, काखेत फाइल. त्याने फोन भोंग्याच्या दिशेने उंच धरला होता. घोषणा संपली, त्याने फोन कानाला लावला, काहीतरी ऐकलं, मान हलवली आणि जिन्याकडे निघाला. जिन्याच्या वर ताईची खोली.

मुक्याने कसलाही विचार केला नाही. धावत जाऊन त्याने जिन्याच्या तोंडाशी त्या माणसाची वाट अडवली.

"तिचा काही संबंध नाही," तो म्हणाला. "गाणं मी केलंय. आवाज मी चोरून घेतला. तिला माहीतसुद्धा नव्हतं. मला न्या."

माणूस दचकून एक पाऊल मागे झाला.

"कसलं गाणं?" तो म्हणाला. "अहो, वडिलांना फोनवर घोषणा ऐकवत होतो. गाडीची वेळ नीट कळली नाही, म्हणून चौकशीला चाललोय." त्याने जिन्याखालच्या खिडकीकडे बोट दाखवलं. तिथे खरोखरच चौकशीची खिडकी होती.

मुक्या जिन्याच्या तोंडातून बाजूला झाला.

वर भोंगा खरखरला. ताई पुढची गाडी सांगू लागली, सावकाश, स्पष्ट. माणूस मुक्याकडे बघत राहिला. मग त्याच्या कपाळावर एक आठी पडली आणि त्याची मान हळूहळू भोंग्याकडे वळली.