नूरीचं वय

मी कडक आहे, असं पोरं म्हणतात. म्हणोत बापडी. वारज्याच्या शाळेत नववीला मी अश्वशास्त्र शिकवते, भातुकली नव्हे.

त्या शनिवारी दातांवरून घोड्याचं वय ओळखायचं प्रात्यक्षिक होतं. शाळेला एक घोडी घ्यायची होती आणि येरवड्याचा तालिब आपली वरातीची नूरी घेऊन आला होता. हल्ली नवरदेव उघड्या जीपमधून मिरवतात, घोडीवाल्याला कोण विचारतो? नूरी बारा वर्षांच्या आतली निघाली तर ती शाळेची, आणि तालिब तिची निगा राखणारा शाळेचा मोतद्दार, कायमचा. नाहीतर म्हातारी जनावरं उचलणारा व्यापारी दुसऱ्याच दिवशी टेम्पो घेऊन येणार होता. साऱ्या वर्गाला हे ठाऊक होतं, कारण तालिबची लेक उम्मेहानी माझ्याच वर्गात. पहिल्या नंबरची पोरगी.

शाळेचे सचिव बद्रीनाथराव खुर्ची टाकून बसले होते. मागच्या साली मी एक घोडा सात वर्षांचा म्हणून पसंत केला आणि तो निघाला एकोणीसचा. "बाई, शाळेच्या खर्चानं चष्मा करून देऊ का?" हे गृहस्थ भर सभेत म्हणाले होते. ते मला अजून सलतं.

मी नूरीचं तोंड उघडलं आणि एका नजरेत समजले. दातांवर काळ्या खुणा होत्या, तरण्या जनावराच्या असतात तशा. पण तापल्या सळईनं डागून केलेल्या. वरच्या कोपऱ्यातल्या दातावरची, वयाबरोबर खाली उतरत जाणारी उभी खाच मात्र डागणाऱ्याला पुसता आली नव्हती. ती मुळापासून टोकापर्यंत उतरली होती. म्हणजे वीस वर्षं. हिरडीही भाजली होती, तरी बिचारी माझा हात हुंगत होती.

मी पोरांना एकेक करून दात बघायला लावले. आमोद म्हणाला, "नऊ." बाकीच्यांनीही नऊ-दहाच सांगितलं. गाढवं कुठली! उम्मेहानीनं बोटानं ती खाच चाचपली. मग बापाकडे पाहिलं.

"नऊ, बाई."

तालिबनं श्वास सोडला. मी गप्प बसले असते तर काय बिघडत होतं? घोडी गरीब स्वभावाची, पोरांना शिकायला उत्तम, आणखी चार-पाच वर्षं सहज निघाली असती. पण बद्रीनाथराव माझ्याकडे बघून हसत होते, आणि माझं डोकं फिरलं.

"आता लेखी," मी म्हणाले. उम्मेहानीजवळ जाऊन हळूच सांगितलं, "पेपर फक्त मी बघणार आहे. तुला जे दिसलं ते लिही. माझी विद्यार्थिनी खोटं लिहीत नाही."

तिनं विश्वास ठेवला, वेडीनं. सुबक अक्षरात अर्धं पान लिहिलं. खाच, डाग, वय वीस.

मी तो पेपर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. "बघितलंत? माझी नववीतली पोर ओळखते!"

"वा, बाई," बद्रीनाथराव उठले. "मग घोडी नको."

तालिब मला हात जोडून म्हणाला, "चूक झाली, बाई," आणि त्यानं लगाम धरला. मला लाज वाटली. हो, वाटली! तरी पैकीच्या पैकी मार्क मी तिथंच देऊन टाकले.

उम्मेहानी फाटकापाशी थांबली. आता भांडेल, निदान रडेल, असं मला वाटलं. मी तयारच होते.

"बाई, उद्या तिला टेम्पोतनं नेणार. प्रवासाआधी दाणा कमी द्यायचा ना?"

"हो. पाणी मात्र भरपूर."

"पण ती परत येणारच नसेल, तर? मग आज पोटभर दिला तर चालेल?"

"पुस्तकात तसं काही दिलेलं नाही," मी म्हणाले.